पिस्तुलावर किती खर्च करावा?
मुलांसाठी महागडं एअर पिस्तूल घेण्याआधी पालकांनी नियम वाचावेत. १० मीटर स्पर्धेत ट्रिगरचा दाब ५०० ग्रॅमहून कमी चालत नाही. कितीही पैसे ओतले तरी त्याहून हलका ट्रिगर स्पर्धेत वापरता येत नाही. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, आणि व्हाइसमध्ये घट्ट बसवलेलं चांगलं स्पर्धा-पिस्तूल छर्रे त्याच्या आतच पाडतं. चुकतो तो हात. खरखरीत ट्रिगरमुळे सवयच बिघडते, असा आक्षेप येईल. तो मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच नवशिक्याचं पिस्तूल सोडून स्पर्धेच्या दर्जाचं घेण्याचा खर्च योग्यच, पंजाला नेमकी बसणारी मूठही हवीच. त्यापुढची रक्कम मात्र छर्रे आणि प्रशिक्षक यांवरच घालावी. वापरलेलं पिस्तूलही चालेल, फक्त हवेच्या सिलिंडरवरची मुदत तपासावी.