राशीतनं की निम्म्यातनं?

"पोरगं गणितात ढ हाय गुर्जी. मारा, झोडा, पण पुढं ढकला." असं म्हणणारे बाप नोकरीत असताना मी शेकड्यांनी पाहिले. प्रत्येकाच्या पुढं मी मान हलवली. आज त्या मान हलवण्याची मला लाज वाटते. म्हणून हा लेख भांडणाचा आहे. भांडण कुणाकुणाशी ते पुढं येईलच, पण त्यात मीही आहे हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात शाळेपासून करत नाही, खळ्यापासून करतो. कारण मला गणित पहिल्यांदा दिसलं ते खळ्यावर.

१९५७ सालची सुगी. मी तिसरीत होतो. आमचे आबा दुसऱ्याची जमीन अर्धलीनं करायचे. ठराव तोंडी आणि साधा : निघेल त्याचं निम्मं मालकाचं, निम्मं आमचं, आणि बीसुद्धा दोघांचं, निम्मं निम्मं. पण पेरणीच्या वक्ताला आमच्या घरात दाणा नव्हता. तेव्हा सगळं बी मालकाच्या कणगीतनं आलं. पाऊण मण जोंधळा, दिढीनं. म्हणजे एकाला दीड परत करायचे.

आमच्याकडं बारा पायल्यांचा मण. काही भागांत तो सोळाचाही असायचा. माप सुरू झालं. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन असं करत बारा झाले की एक खडा बाजूला. वीस खडे पडले. खंडीभर रास. आबा खूश होते. मग दिवाणजींनी वही काढली.

"पाऊण मणाची दिढी. धरा सव्वा मण."

आमच्या आयला अक्षर येत नव्हतं. पण लहानपणी मामाचा संध्याकाळचा परवचा चालायचा, तेव्हा ती चुलीपुढं बसून ऐकायची. तेवढ्यावर तिला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ. ती पदर खोचून पुढं आली.

"पाऊण मण म्हंजी नऊ पायल्या. नऊ दिढं साडेतेरा. येक मण आन वर दीड पायली. सव्वा मणाला पंधरा लागत्यात. वरची दीड पायली कुनाची?"

दिवाणजी हसले. "बरं बाई, साडेतेरा. तुमच्या निम्म्यातनं काढून घेतो."

आय तिथंच थांबली. "बी तर दोघांचं ठरलं व्हतं. राशीतनंच काढा की."

"राशीतनं काढलं काय आन निम्म्यातनं काढलं काय," दिवाणजी म्हणाले, "साडेतेरा त्या साडेतेराच न्हवं?"

भोवतीच्या चार माणसांनी माना डोलावल्या. खरंच की, साडेतेरा त्या साडेतेराच. आयच्या तोंडावर काहीतरी येत होतं, पण शब्द फुटला नाही. निम्म्यातनं साडेतेरा गेल्या.

आता हिशोब करून बघा. साडेतेरा पायल्या राशीतनं काढून उरलेलं निम्मं केलं असतं, तर आमच्या वाट्याला तोटा पावणेसात पायल्यांचा, आणि मालकाच्याही वाट्याला तेवढाच. ठराव तोच होता. आमच्या निम्म्यातनं काढल्यावर सगळ्या साडेतेरा आमच्याच. म्हणजे आयनं दिडकीच्या जोरावर दीड पायली वाचवली आणि त्याच खळ्यावर, त्याच घटकेला पावणेसात गमावल्या. पावणेसात पायल्या म्हणजे आमच्या घरची आठवड्याभराची भाकरी.

हे मला कळायला पुढं कितीतरी वर्षं लागली. कळलं तेव्हा मी हायस्कुलात गणित शिकवत होतो. पोरं कंस सोडवताना नेहमीची चूक करत होती. (क्ष − ४) ÷ २ याचं उत्तर ती क्ष ÷ २ − ४ असं लिहायची. मी वर्षानुवर्षं त्यावर लाल रेघ मारत आलो होतो. "कंसातल्या सगळ्याला भाग जातो, मूर्खा!" त्या दिवशी रेघ मारता मारता हात थांबला. ही तर दिवाणजींची चूक. चूक तरी कशी म्हणू? पहिलं 'राशीतनं', दुसरं 'निम्म्यातनं'. रास खंडीची असो की पाच मणांची, दोन्हींतला फरक बदलत नाही. काढायचं जे असेल त्याच्या निम्मा. क्ष किती हे माहीत नसताना हे छातीठोक सांगता येतं. पेरणीच्या दिवशीच, पाऊस पडायच्या आधी सांगता येतं. बीजगणित म्हणतात ते हेच.

मग मी पोरांना हे का सांगितलं नव्हतं? कारण मलाच कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं : "इकडचं तिकडं नेलं की चिन्ह बदलतं." का बदलतं? बदलतं म्हणून बदलतं. क्ष म्हणजे काय? जे काढायचं ते. अशा गणितात पास झालो, त्यावर नोकरी लागली आणि तेच मी पुढं दिलं.

आता एकेकाशी भांडतो.

पहिलं भांडण 'आमच्या वेळी'वाल्यांशी. सभासंमेलनांत हे लोक उठतात आणि म्हणतात, पावकी-दिडकी परत आणा, पोरं आपोआप हुशार होतील. मला पावकी पाठ आहे, औटकीसुद्धा. साडेतीनचा पाढा आज घरात कुणाला येतो? तरी मी सांगतो, ती तशीच परत येणार नाही आणि यायचं कारणही नाही. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे होते ते शंभर नवे पैसे झाले. पुढं शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. दशमानात हिशोब सोपा झाला हे खोटं नाही. शिवाय त्या पाढ्यांच्या मागं छडी होती. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या छडीला भिऊन गुरं राखायला गेली. आणि मुख्य म्हणजे माझ्या आयला ते सगळे पाढे येत होते. तरी पावणेसात पायल्या गेल्याच. पाठांतरानं दीड पायली वाचते. त्यापुढचं वाचवायला दुसरं काहीतरी लागतं.

दुसरं भांडण 'मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे की' म्हणणाऱ्यांशी. कॅल्क्युलेटर वजाबाकी करील. राशीतनं करायची की निम्म्यातनं, हे तो सांगणार नाही. बँकेचं कर्ज, बचतगटाचा हप्ता, ट्रॅक्टरचं भाडं, आडत, हमाली, तोलाई, सगळीकडं आजही हाच प्रश्न आहे : कशातनं काढलं? कशावर लावलं? दिवाणजी गेले नाहीत. त्यांची वही तेवढी संगणकात गेली.

तिसरं भांडण हसणाऱ्यांशी. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात एकवीस, बावीस या नेहमीच्या नावांबरोबर 'वीस एक, वीस दोन' असं आलं. केवढा गदारोळ! मराठी बुडाली म्हणे. त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. आयुष्य गणितात घालवलेली बाई समजावून सांगत होती आणि लोक विनोद करत होते. मला त्यांना एवढंच विचारायचं होतं, तुम्ही पहिलीच्या वर्गापुढं एक आठवडा तरी उभे राहिलात का? 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, वीस मागनं. ऐकल्या क्रमानं लिहिणारं पोर बावन्न लिहितं आणि मार खातं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे आम्ही त्याला कधी फोडून सांगितलं? उलट 'नव्व्याण्णव' आल्यावर तीही रीत मोडते. भाषा आमची गोड आहेच. पण पोराला तिच्यातली अडचण दाखवणं म्हणजे भाषेचा अपमान नव्हे.

चौथं भांडण माझ्याशी.

आमच्या शाळेत एक पोरगं होतं. नाव लिहीत नाही. बाजारच्या दिवशी आईबरोबर भाजी विकायला बसायचं. एकदा मी त्याच्याकडनं वांगी घेतली. सोळा रुपये किलो, पावणेदोन किलो. मी खिशात पेन चाचपतोय तोवर तो म्हणाला, "अठ्ठावीस झालं गुर्जी. दोन किलोचं बत्तीस, पावाचं चार कमी." हे त्यानं जे केलं ते कंस सोडवणंच होतं. सोळा गुणिले कंसात दोन वजा पाव. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच पोरगा फळ्यापुढं उभा. तसलंच उदाहरण, फक्त वांग्यांच्या जागी क्ष. त्याला खडू उचलवेना. मी त्याच्या थोबाडीत मारली. नववीतनं त्यानं शाळा सोडली. पुढं कित्येक वर्षं मी त्याच्याकडनंच भाजी घेतली. त्याचा हिशोब एकदाही चुकला नाही. आणि 'त्या दिवशी चूक माझी होती' हे मी त्याला एकदाही म्हणालो नाही.

हे असं एकट्या आमच्याच गावात होतं असं नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथल्या रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास टेरेझिन्हा काराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९८५ साली छापून आला. विकताना ती मुलं शंभरातले अठ्ठ्याण्णव हिशोब बरोबर करत होती. तशीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर सदतीस. मुलं तीच. डोकं तेच.

आमच्या घरांतही बघा. अर्धी भाकरी आणि चतकोर मिळून पाऊण होते, हे चार वर्षांच्या पोराला माहीत असतं. चतकोराचं अर्धं म्हणजे नितकोर, हेही आजी सांगते. तेच पोर सातवीत जातं आणि एक छेद दोन अधिक एक छेद चार बरोबर दोन छेद सहा लिहितं. दोन छेद सहा म्हणजे एक तृतीयांश. अर्ध्या भाकरीत चतकोर घातली आणि भाकरी कमी झाली! त्याला ते खटकत नाही, कारण शाळेतले छेद आणि घरातली भाकरी यांचा संबंध असतो, हे त्याच्या ध्यानीमनी नाही. तो संबंध आम्ही तोडला.

आणि तोडायचं कारण काय होतं? बीजगणित काही परकं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं मठ काढला होता. तिथला शिलालेख आहे. ११५० सालच्या त्या ग्रंथांत अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हटलेलं आहे. म्हणजे जेवढं असेल तेवढं. आणि अर्धलीच्या ठरावात माझे आबा काय म्हणत होते? निघेल तेवढ्याचं निम्मं. संस्कृत न येणारा माणूस बांधावर उभा राहून क्ष मांडत होता. त्याच्या पोराला शाळेनं सांगितलं की क्ष ही नवी, अवघड, हुशारांची गोष्ट आहे.

म्हणून नव्या मास्तरांना आणि बाईंना माझं सांगणं आहे. आठवीच्या पहिल्या तासाला फळ्यावर क्ष लिहू नका. रास काढा. वाटणीचा ठराव मांडा. पोरांचे दोन गट करा, एक मालकाचा, एक आमचा, आणि त्यांना भांडू द्या. राशीतनं की निम्म्यातनं? भांडून दमले की कंस लिहून दाखवा. शहरातल्या शाळेत रास नसेल तर हॉटेलचं बिल घ्या, सवलत आधी की कर आधी ते विचारा. पाढे घ्याच, रोज घ्या, पण छडीशिवाय. आणि 'ढ' हा शब्द गणिताच्या वर्गातनं हद्दपार करा. तो शब्द मी किती जणांवर मारला त्याची मोजदाद माझ्याकडं नाही.

आय ऐंशीच्या घरात होती तेव्हा एकदा उन्हाळ्यात मी तिला तो खळ्यावरचा हिशोब सांगितला. ओसरीवर जोंधळ्याचे दाणे मांडून दाखवला. आधी राशीतनं काढून, मग निम्म्यातनं काढून. ती बराच वेळ दाण्यांकडं बघत बसली.

"मला तवाच वाटलं व्हतं," ती म्हणाली. "मग तवा बोलला का न्हाईस?"

तेव्हा मी तिसरीत होतो. मला दिडकी येत होती, कंस येत नव्हता. आणि पुढं कंस आला तेव्हा तो खळ्यावरचा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.