साठीपलीकडचे वल्हे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवण भागातील एका खाडीत कयाकने फिरण्याचा योग आला. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवावयाची, एकदोघांपुरती अरुंद होडी. तेथील चालकाने आम्हा चौघांना जॅकेटे दिली आणि माझ्या आईस मात्र ‘साठीच्या वर घेत नाही’ असे सांगून काठावर बसविले. आईचे वय ६८. ती निवृत्त शिक्षिका असून मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधील आमच्या घरून निघून रोज तासभर चालते. बालपण देवगडच्या खाडीकाठी गेल्यामुळे तिला उत्तम पोहता येते. मला पोहता येत नाही आणि गेली चार वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे. मला कोणी काहीच विचारले नाही. दीड तास ती आमच्या चपला राखीत बसली होती.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास याचे नवल वाटू नये. जी माहिती मिळविण्यास खर्च पडतो तिच्याऐवजी फुकट दिसणारी खूण वापरावयाची, ही व्यवहाराची जुनी रीत आहे. खांद्यात बळ किती, तोल कसा, हृदयविकार आहे काय, हे विचारण्यास पाच मिनिटे लागतात. पांढरे केस मात्र एका दृष्टिक्षेपात दिसतात. चालकाची पाच मिनिटे वाचतात, धोका टळत नाही. तो माझ्या रूपाने होडीत बसलेलाच असतो.

वस्तुतः गड चढताना गुडघ्यांवर येतो तसा भार कयाकमध्ये येत नाही. कष्ट पडतात ते खांद्यांना व कमरेला, आणि खरी अडचण असते ती बसताना व उतरताना. गुडघाभर पाण्यात कोणी होडी धरून ठेवली तर ती निम्मी दूर होते. दोघांच्या होडीत मार्गदर्शक मागे बसला, तर पुढच्याने दमून वल्हे मांडीवर ठेवले तरी होडी चालत राहते. उरतो तो वेळेचा प्रश्न. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. आमच्याजवळच्या वसईच्या खाडीत ओहोटीच्या ओढीविरुद्ध परतावे लागले तर पंचविशीतील तरुणही हतबल होईल. मालवणकडे हा फरक बराच कमी, तथापि दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा तेथेही आहेच. हे सारे जाणून निघण्याची वेळ ठरविणारा मार्गदर्शक हीच प्रवाशाची खरी सुरक्षितता होय, मग त्याचे वय काहीही असो.

पोलंडचे अलेक्झांडर डोबा यांनी २०१७ साली, सत्तराव्या वर्षी, कयाकमधून एकट्याने तिसऱ्यांदा अटलांटिक ओलांडला. असे विक्रम येथे फारसे उपयोगाचे नाहीत. आमच्या ज्येष्ठांना अटलांटिक नको आहे, कांदळवनातील एक तास हवा आहे. त्याहून जवळचा दाखला उत्तनचा. साठी उलटलेला कोळी तेथे होडीवर दिसला तर त्याचे वय विचारण्याचे कोणास सुचत नाही.

अपघात होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी बुडून दोघांचा मृत्यू झाला; १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून डझनाहून अधिक जीव गेले. त्यानंतर प्रश्न उभे राहिले ते जॅकेटांचे आणि नियमपालनाचे, उतारूंच्या वयाचे नव्हेत. ज्येष्ठांचीही एक खोड येथे सांगितली पाहिजे. अर्ज भरताना अँजिओप्लास्टी झाल्याचे लपविणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि अशांच्या भीतीने चालक सर्वांनाच नकार देतो.

परतल्यावर सिल्व्हर पार्कमधील आईच्या सकाळच्या मंडळींत हा विषय निघाला, तेव्हा बहुतेकांनी चालकाचीच बाजू घेतली. ‘या वयात हवेत कशाला हे उद्योग?’ चालकाच्या नकारापेक्षा मला हे अधिक खटकले. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीवरील लोक दहा कोटींहून अधिक होते. एवढ्या मोठ्या वर्गाने आपली मागणीच मागे घेतली, तर बाजार त्याच्यासाठी दोघांची होडी तरी का आणील?

एसटी ६५ वर्षांवरील प्रवाशास अर्ध्या भाड्यात आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशास विनामूल्य नेते. म्हणजे शासन आईस निम्म्या तिकिटात मालवणपर्यंत पोचविते आणि पाण्याच्या काठावर तिला थांबावे लागते. साहसी पर्यटनाचे धोरण राज्याने २०२१ साली आणले, त्यात चालकांची नोंदणी आहे. त्या नोंदणीतच अट घालावी, की वयोमर्यादा लावावयाची असेल तर तिचे कारण लेखी द्यावे. विमा हे कारण असेल तर जादा हप्ता भरण्याची तयारी आहे काय, हे प्रवाशास विचारावे. आणि प्रकृतीचे प्रश्न विशीतल्यालाही तेच विचारावेत.

त्या चालकाने आईस वेंगुर्ल्याला जाण्याचे सुचविले होते. तेथील मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या सदस्या स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवितात. सल्ला चांगला होता, आम्ही गेलोही. आईने त्या बायकांशी तासभर गप्पा मारल्या. वल्हे मात्र तिला स्वतःच्या हाती हवे आहे. येत्या सुट्टीत पुन्हा मालवणला जावयाचे ठरले आहे. आईने डॉक्टरांचे प्रमाणपत्र आताच घेऊन ठेवले आहे. माझे अजून घ्यावयाचे आहे.