जॉबकार्डावरची ओळ

गेल्या हंगामात आमच्या गाडीला उंदीर लागला. म्हणजे, सर्व्हिस सेंटरचं म्हणणं तसं होतं. बारामतीजवळच्या आमच्या पणदऱ्यात उसाच्या कडेला गाडी लावणाऱ्याला हे पटवणं सोपं असतं. ऊस तुटायला लागला की फडातले उंदीर घराकडे सरकतात, हे कोण नाकारणार? गाडी सव्वा वर्षाची, वॉरंटी तीन वर्षांची. चालता चालता स्टिअरिंग जड व्हायचं, दिवा लागायचा. बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. काउंटरवरच्या मुलाने पाच मिनिटांत निकाल दिला. ‘‘काका, रॅट बाइट आहे. वॉरंटीत बसत नाही.’’ वायरिंग बदलायचं एस्टिमेट 38 हजार.

आधी दोनदा याच तक्रारीसाठी गेलो होतो. ती जॉबकार्डं काढून पाहिली, तर दोन्हींवर ‘जनरल चेकअप’. स्टिअरिंगचं नावही नाही. कंपनीच्या लेखी माझी गाडी तोवर ठणठणीत होती.

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी आणि व्हेस्पा तयार होतात, त्यामुळे लाइनवर काम केलेली पोरं आमच्याकडे भेटतात. त्यातल्या एकाला सोबत नेलं. मोबाइलच्या उजेडात त्याने वायर बोटावर फिरवली आणि हसला. उंदराने कुरतडलं की दाताच्या जोडखाचा दिसतात, आवरणाचा भुगा पडतो, लेंड्या सापडतात. इथे आवरण एकाच बाजूने सपाट झालं होतं, आत तांबं चकाकत होतं, आणि समोरच्या ब्रॅकेटच्या कडेला त्याच उंचीवर काळा डाग. वायर बसवतानाच ताणून बसवली होती. ती घासत होती.

फोटो काढले. तिसऱ्या जॉबकार्डावर तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली. चासी नंबर, तारखा, किलोमीटर टाकून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला आणि शेवटी एवढंच मागितलं : नकाराचं कारण लेखी द्या. आठ दिवसांत कंपनीचा माणूस आला. वायरिंग फुकट बदललं. उंदराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तोंडी नकार हा नकारच नव्हे, असं माझं मत आहे. वॉरंटी नाकारताना कारण लेखी देणं कंपन्यांना सक्तीचं केलं, तर निम्मे उंदीर आपोआप पळतील.

कोर्टाकडून मात्र भलत्या अपेक्षा नकोत. क्लचच्या तक्रारीवरून गाजलेल्या मारुतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं, की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, नवी गाडी देण्याची नाही. गोव्यात एका ग्राहकाला डीलरने 2011 चं मॉडेल म्हणून 2009 चं, 622 किलोमीटर चाललेलं वाहन दिलं. ग्राहक आयोगांनी डीलरबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं होतं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं, कारण डीलरच्या करणीची तिला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. म्हणून डीलरशी बोललेलं प्रत्येक वाक्य कंपनीलाही लेखी कळवायचं.

जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली : आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तीही ऑनलाइन. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पाच ते दहा लाखांना 200 रुपये. मुदत दोन वर्षं. पोटापाण्यासाठी स्वतः पिकअप चालवणाराही ग्राहकच धरला जातो. ‘व्यावसायिक वाहन आहे’ म्हणून कुणी हाकललं तर ऐकू नका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यावरही भागतं.

बिंदुमाधव जोशींनी पुण्यात 1974 साली ग्राहक पंचायत उभी केली. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, तरी काउंटरवर पेन पुढे आलं की आपण अजून न वाचताच सही ठोकतो. आपण म्हणजे मीसुद्धा. ती पहिली दोन जॉबकार्डं फाइलला आहेत : वर ‘जनरल चेकअप’, खाली माझी सही.