घरातील गारवा आणि औषधांचे कपाट

फाल्गुन सरत आला की कूलर घ्यावा की एअर कंडिशनर, ही विचारणा वैद्यबंधूंकडून आमच्याकडे होऊ लागते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायात, ग्रीष्मात दिवसा शीतगृहात निजण्यास सांगितले आहे. तेव्हा गारव्याची ओढ अशास्त्रीय म्हणता येणार नाही. मात्र आपल्यापैकी अनेकांचे राहते घर, दवाखाना आणि औषधालय एकाच छताखाली असते. तेथे केवळ घरच्या माणसांची सोय पाहून निवड करणे योग्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ हवेत मिसळून. घाटाखाली, खामगाव, शेगाव, मलकापूरकडे वैशाखातील हवा इतकी कोरडी असते की ही युक्ती उत्तम साधते. बाहेर ४२ अंश उष्णता व १५ टक्के आर्द्रता असता चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. पण त्या हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या घरात, म्हणजे मूळच्या चौपट झालेली असते! औषधाच्या वेष्टनावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असे छापलेले असते. कूलर त्यातील पहिलीच अट पाळतो. यवक्षार अशा हवेतील पाणी ओढून घेतो. वारंवार उघडल्या जाणाऱ्या बरणीतील लवणभास्कर चूर्णाची ढेकळे होतात. चूर्णे दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होतात, असे शार्ङ्गधरांनी म्हटले आहे. ती मुदत आपण आपल्या हातांनी आणखी घटवावी काय? रुग्णाला गुण आला नाही की दोष औषधाला व पर्यायाने वैद्याला लागतो. कपाटावर येणाऱ्या ओल्या वाऱ्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

एअर कंडिशनर याच्या उलट वागतो. हवेतील बाष्प थंड नळ्यांवर जमते आणि पाणी होऊन बाहेर जाते. म्हणून ऐपत एकाच एअर कंडिशनरची असेल, तर तो औषधांच्या खोलीत बसवावा आणि निजण्याच्या खोलीत कूलर ठेवावा. (घरची मंडळी रुसतील, हे आम्ही जाणून आहोत.) कूलरच्या खोलीची खिडकी उघडी हवी, औषधालयाकडील दार मात्र बंद. पावसाळ्यात कूलरचा उपयोग उरत नाही, आणि औषधांना ओलीचा धोका तर तेव्हाच अधिक.

दुकानदार ‘दीड टन’ म्हणतो, ते यंत्राचे वजन नव्हे. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता खेचण्याची शक्ती. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीस एक टन बहुधा पुरतो. वर उघडा स्लॅब तापत असेल तर अधिक लागतो. तारे पाहून घ्यावेत आणि यंत्र २४ अंशांच्या खाली नेऊ नये. बुलडाणा, चिखलीसारख्या घाटावरच्या गावांत रात्री तुलनेने गार असल्याने निजण्याच्या खोलीस पंखाही पुष्कळदा पुरतो.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून वाळवावी. डेंग्यूचे डास अशाच साठ्यात वाढतात. वैद्याच्याच घरी ते वाढावेत, हे शोभणारे नाही. अभ्यंग-स्वेदनाच्या खोलीत मात्र कूलरही नको आणि एअर कंडिशनरही नको. ती निवातच असावी.