अर्थ हरपलेल्या अक्षरांचा अर्थ

जे वाचता येत नाही, त्याला लेखन का म्हणावे? चिनी सुलेखनातील आधुनिक प्रयोगांवर हा आक्षेप नेहमी घेतला जातो. ही सारी पाश्चात्त्य अमूर्त चित्रकलेची उसनवारी आहे, असा निवाडाही त्यापाठोपाठ येतो. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. निवाडा मात्र इतिहासाला धरून नाही.

चिनी सुलेखनात वाचनीयता ही अंतिम कसोटी कधीच नव्हती. तांग राजवटीत झांग शू आणि ह्वायसू यांनी लिहिलेली ‘उन्मत्त’ धावती लिपी सुशिक्षित वाचकालाही सहजी उलगडत नसे. रसिक पाहत ते रेघेचे बळ, ओल्या-कोरड्या शाईचा मेळ आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा. शाई शोषणाऱ्या कागदावर उमटलेली रेघ पुसता येत नाही. हाताचा क्षणभराचा संकोचही तिथे कायमचा नोंदला जातो. उसनवारीचा हिशेब मांडायचाच, तर मार्क टोबी हा अमेरिकन चित्रकार १९३४ साली शांघाय आणि क्योटो येथे कुंचल्याचे धडे घेण्यास गेला होता, हेही जमेस धरावे लागेल.

मग १९८० नंतरच्या दशकात नवे काय घडले? त्याचे उत्तर सांस्कृतिक क्रांतीत सापडते. १९६६ ते १९७६ या काळात हाच कुंचला भित्तिपत्रकांवरील घोषणांसाठी राबवला गेला. त्या पत्रकांतील शब्द ठळक होते, सुवाच्य होते. आणि त्यांनी असंख्य माणसांना आयुष्यातून उठवले. त्या काळात वाढलेल्या पिढीने पुढे अक्षरातून अर्थच काढून घेतला, यात नवल ते काय? कू वेंदा यांनी मोडलेली, बनावट चिन्हे शाईने भव्य आकारात रेखाटली. शू बिंग यांनी कोणत्याही कोशात नसलेली हजारो अक्षरे लाकडात कोरली आणि १९८८ मध्ये बीजिंग येथे त्यांचे छापील ग्रंथ मांडले. छ्यू झिजिए यांनी १९९० मध्ये वांग शीझी यांची ‘लान्तिंग’ प्रस्तावना एकाच कागदावर हजार वेळा लिहिण्याचा उपक्रम आरंभला. कागद काळाठिक्कर पडला. लिहिणे थांबले नाही. इ. स. ३५३ मधील या लेखनाच्या नकला गिरवीतच तिथल्या पिढ्यान् पिढ्या घडल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळोखातील आदर आणि बंड दोन्ही दिसतात.

अर्थात, शाईचा प्रत्येक डाग कला ठरत नाही. हांगचौचे वांग दोंगलिंग अक्षरांवर अक्षरे चढवून वाचनाची वाट बुजवतात; पण त्या गोंधळामागे आयुष्यभराचा रियाज आहे. तो नसेल, तर उरते ते केवळ शिंतोडे उडवणे.

युनेस्कोने २००९ मध्ये चिनी सुलेखनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, हे उचितच झाले. परंतु आज चिनी तरुण बोटांनी कळा दाबून लिहितो आणि हाताने लिहिताना अक्षर विसरतो. अशा वेळी नमुने गिरवून घेणे एवढ्यानेच परंपरा तगणार नाही. न वाचता येणारे अक्षर पाहणाऱ्याला निदान रेघेपाशी थांबायला लावते. परंपरेचा खरा शत्रू दुर्बोधता नव्हे, हाताचा विसर हा आहे.