आभाळावर लिहिलेली पत्रं

मुलांनो, अमेरिकेतल्या शिकागो शहराची जुनी चित्रकार्डं पाहिलीत तर वाटेल, हा खोडकर कोण? इमारतीच्या कडेला, अगदी आभाळावरसुद्धा शाईनं मजकूर खरडलाय! पण ही खोडी नव्हती बरं का. १९०७ सालच्या मार्चपर्यंत तिथे कार्डाच्या मागं फक्त पत्ता लिहायचा, असा टपालाचा नियम होता. मग खुशाली कुठं लिहिणार? चित्रावरच! मागची बाजू मधोमध रेघ मारून दुभागलेली दिसली, की समजायचं, तिथलं हे कार्ड त्यानंतरचं.

१८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. (स्वामी विवेकानंद बोलले ती धर्मपरिषद त्याच निमित्तानं भरली.) तिथे अशी चित्रकार्डं विकायला होती. प्रदर्शनाच्या जुन्या फोटोंत पांढरेशुभ्र राजवाडे दिसतात. संगमरवरी? छे! आत सांगाडा आणि वरून प्लास्टर व तागाच्या धाग्यांचा लेप! १८९४ च्या जुलैत त्यांतले बरेच आगीत खाक झाले. फोटो पाहून हे कसं कळावं?

त्यातून फोटो काळे-पांढरे. कार्डावरचे रंग छापखान्यात चढवलेले. शिकागोच्याच कर्ट टाइक कंपनीत तर नको असलेले खांब, तारा चित्रातून चक्क पुसून टाकत. म्हणजे निळंभोर, मोकळं आभाळ कारागिराच्या कृपेनं!

घरात जुनं चित्रकार्ड सापडलं, तर आधी उलटून पाहा. टपालाच्या शिक्क्यावर तारीख असेल. पण ती कार्ड पाठवल्याची हं! फोटो त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा असू शकतो.