समुद्राने विस्कटलेले नाणे मुके नसते

१/
कानांवर हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर, पायाखाली ओहोटीची ओली वाळू. यंत्र किणकिणते, लहानशा फावड्याने वाळू उपसली जाते, हिरवट पडलेले एक नाणे वर येते, अंगठ्याने चोळले जाते, कॅमेऱ्यासमोर धरले जाते आणि खिशात जाते. देश कुठलाही असो, अशा चित्रफितींचा क्रम बहुधा हाच. नाणे नेमके कुठे मिळाले, हे मात्र सांगितले जात नाही. स्पर्धक तिथे पोहोचतील ना!

२/
त्याबद्दल हटकले की एक उत्तर तयार असते. शेतात किंवा पांढरीच्या टेकाडावर खणणे चूक, हे मान्य. पण किनाऱ्यावर थर असतात कुठे? लाटांनी सारे केव्हाच उलथेपालथे केले आहे. तिथून एखादे नाणे उचलले तर इतिहासाचे काय बिघडले?
हा युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय वाटतो. प्रत्यक्षात तो केवळ सोयीचा आहे.

३/
आधी यंत्राची गोष्ट, कारण या छंदातली निम्मी चर्चा यंत्राभोवतीच फिरते.
२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरातच राहिली. ती शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालणारे यंत्र सिद्ध केले. रुग्णाच्या शय्येपाशी ते गोंधळले, कारण अंथरुणाखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या उजव्या बाजूचाच. गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले.

४/
भोवतालचा व्यत्यय आणि शोधणाऱ्याचा पूर्वग्रह, या दोन्ही गोष्टी अशा या यंत्राच्या जन्मकथेतच आहेत. पहिल्यावर अखंड चर्चा होते. दुसऱ्यावर फारशी होत नाही.

५/
दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याने तो वापरला. युद्ध संपल्यावर लष्कराची जादा झालेली अशी यंत्रे नागरिकांच्या हाती आली आणि सुरुंगाच्या जागी नाणी शोधली जाऊ लागली.

६/
यंत्राची क्रिया समजायला अवघड नाही. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र यंत्राला "ऐकू" येते. हा प्रतिसाद इतका दुबळा असतो की वरून जाणारी वीजवाहिनी, जवळचे रोहित्र, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमधले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, खिशातला मोबाइल, इतकेच काय शेजारी चाललेला दुसरा डिटेक्टर, यांपैकी कुणीही त्यात खरखर मिसळू शकतो. जमिनीत काहीच नसते, तरी यंत्र बोलत राहते.

७/
किनाऱ्यावर त्यात आणखी भर. खारे पाणी स्वतःच विद्युतवाहक, म्हणून ओली वाळूही धातूचा आव आणते. काळ्या वाळूतील लोहयुक्त खनिजे वेगळाच गोंधळ घालतात. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या परिसरात इल्मेनाइटची अशी काळी वाळू आहे. एकाच वारंवारतेवर चालणारी साधी यंत्रे इथे हात टेकतात. स्पंद पाठवून त्याचा ऱ्हास मोजणारी "पल्स इंडक्शन" यंत्रे खारेपणा आणि काळी वाळू बऱ्यापैकी सोसतात, पण विजेच्या खरखरीला ती अधिक बळी पडतात आणि लोखंडी खिळा कोणता, नाणे कोणते हे नीट सांगू शकत नाहीत.

८/
यावर मुरलेला शोधक काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. तो संवेदनशीलता कमी करतो. वारंवारता थोडी सरकवतो. मोबाइल बंद करतो. वेटोळे फिरवून खरखर कोणत्या दिशेने येते ते ताडतो. संशयित जागेवरून यंत्र दोन दिशांनी फिरवून पाहतो. दोन्ही वेळा तोच आवाज तिथेच आला तरच खणतो. एका आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, जागा बदलायची, पुन्हा पाहायचे, ताडून घ्यायचे ही सगळी शास्त्राचीच शिस्त आहे.
आणि नाणे हातात आले की त्याच क्षणी ही शिस्त संपते.

९/
यंत्राची खरखर घालवायला अर्धा तास, नाण्याची जागा लिहून ठेवायला अर्धे मिनिटही नाही. व्यत्ययाबद्दल तक्रार करणाऱ्या या छंदाने इतिहासाच्या नोंदीत स्वतः किती व्यत्यय आणला, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

१०/
आता तो बचाव. लाटा वाळू हलवतात, हे खरेच. वादळानंतरच्या पुळणीत पुरातत्त्वीय थर शोधणे व्यर्थ, हेही खरे. पण "थर नाही" याचा अर्थ "माहिती नाही" असा होत नाही. याचा सर्वांत ठळक पुरावा एका खजिनाशोधकानेच दिला आहे.

११/
२४ जुलै १७१५ रोजी सोन्या-चांदीने भरलेला स्पॅनिश ताफा हवानाहून मायदेशी निघाला. सोबत एक फ्रेंच जहाज होते. ३०-३१ जुलैच्या रात्री फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ चक्रीवादळाने त्याला गाठले. बारांपैकी अकरा जहाजे गेली. फ्रेंच जहाज तेवढे वाचले. वाचलेल्यांनी किनाऱ्यावर तळ ठोकला आणि स्पेनने बुडालेल्या मालापैकी बराचसा वर काढला. पुढे त्या जागेचा लोकांना विसर पडला.

१२/
सुमारे सव्वादोनशे वर्षांनी किप वॅग्नर नावाचा बांधकाम ठेकेदार सेबॅस्टियनजवळच्या पुळणीवर फिरत असे. वादळानंतर तिथे चांदीची वेडीवाकडी, काळवंडलेली नाणी मिळत. ही "कॉब" नाणी, म्हणजे चांदीच्या कांबीचे तुकडे पाडून हातोड्याने ठसा उमटवलेली. त्यातल्या अनेकांवर वर्ष उमटलेलेच नसते, कारण ठशाचा तो भाग तुकड्याबाहेर पडलेला असतो. असे एकटे नाणे जवळजवळ काहीच सांगत नाही.

१३/
वॅग्नरने ती एकत्र ठेवली, वर्षे वाचली आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली : १७१५ नंतरचे एकही नाणे त्यांत नव्हते. शतकानुशतकांच्या जहाजवाहतुकीत कुणाच्या ना कुणाच्या खिशातून सांडलेली नाणी असती तर पुढचीही वर्षे दिसली असती. इथे वर्षे एका जागी येऊन तुटत होती. अर्थ एकच : एक घटना, एक काळ.
हा ताफा बराच दक्षिणेला, फ्लोरिडा कीज बेटांजवळ बुडाला, असा समज त्या काळी होता. वाळूतल्या "विस्कटलेल्या" नाण्यांनी तो खोडून काढला.

१४/
बर्नार्ड रोमन्सच्या १७७५ च्या नकाशात ताफ्याच्या दुर्दैवाची जागा सुचवलेली होती. तो नकाशाही हाती लागला. मग लष्कराचा एक जुना सुरुंगशोधक घेऊन वॅग्नरने पुळणीमागची जमीन धुंडाळली आणि वाचलेल्या खलाशांचा तळ सापडला : जहाजाचे खिळे, तोफगोळे. समोरच्या पाण्यात जहाजांचे अवशेष. आज तिथे मॅक्लार्टी ट्रेझर म्युझियम उभे आहे.

१५/
हे सारे कशाच्या बळावर झाले? नाण्यांमागे थर नव्हता. किनाऱ्याच्या कोणत्या पट्ट्यात नाणी मिळतात, कोणत्या वर्षांची मिळतात, कोणत्या वर्षांची मिळत नाहीत, एवढेच होते. दहा जणांनी ती दहा खिशांत नेऊन दहा बाजारांत विकली असती, तर "१७१५ नंतरचे एकही नाही" हे वाक्य कुणालाच लिहिता आले नसते. अभाव हा पुरावा असतो, पण तो फक्त एकत्रित नोंदीतच दिसतो.

१६/
वॅग्नरला संत ठरवण्याचे कारण नाही. त्याने पुढे कंपनी काढली, उद्देश धनाचा होता आणि त्या किनाऱ्यावरच्या खजिनाशोधाची हाव त्यानंतर थांबली नाही. ती कुठवर जाते, हेही त्याच ताफ्याच्या कथेत आहे. २०१५ मध्ये अधिकृत ठेका असलेल्या शोधकांना १०१ सोन्याची नाणी मिळाली. त्यांनी ५१ जाहीर केली आणि ५० दडवली. त्यातली ३७ परत मिळाल्याचे फ्लोरिडातील तपास यंत्रणेने २०२४ मध्ये जाहीर केले. या यंत्रणेच्या म्हणण्यानुसार २०१६ मध्ये तीन नाणी पुन्हा समुद्रतळाशी नेऊन ठेवण्यात आली, नव्या गुंतवणूकदारांना ती "सापडावीत" म्हणून.
चोरी भरून निघेल. पण खोटी जागा एकदा नोंदीत शिरली, की तिथल्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

१७/
महाराष्ट्राला हा धडा फ्लोरिडाकडून घेण्याची गरजही नव्हती. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला : १३,००० हून अधिक, सारी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केला याचा याहून बोलका पुरावा नाही. आणि तो एकेका नाण्यात नसून साठ्यातील त्या प्रमाणात आहे. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. ते धातुकरंडकासोबत मिळाले, म्हणूनच तो ठेवा त्या राजाच्या काळाआधीचा नाही हे ठरले. तेच नाणे बाजारात मिळते, तर संग्रहातले आणखी एक नाणे ठरते.

१८/
कोकणच्या किनाऱ्यावर यंत्र आणखी एका प्रकारे फसवते, आणि इथे गारफिल्डच्या डॉक्टरांची आठवण व्हावी. सातवाहनांची कित्येक नाणी शिशाची आहेत. कोळ्यांच्या जाळ्यांना लावलेली वजनेही शिशाचीच. आदिलशाहीत दाभोळच्या बाजारात चालणारी "लारी" म्हणजे दुमडून ठसा मारलेली चांदीची तार. केसांच्या पिनेसारखी दिसणारी. गोल, चकचकीत वस्तू हवी असलेला शोधक शिसे म्हटले की जाळ्याचे वजन समजतो आणि वाकडी तार म्हटले की कचरा. यंत्राने सांगितले तरी त्याला ऐकू येत नाही, कारण तो उजव्या बाजूलाच शोधत असतो.

१९/
दोष एकट्या छांदिष्टांचा नाही. या देशात सापडलेल्या धनाला आजही १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद. दहा रुपये, १८७८ चे! शासनाला तो निधी घ्यायचा असेल तर मोबदला किती? त्यातील द्रव्याची किंमत, अधिक तिचा एक पंचमांश. म्हणजे इतिहास बदलणाऱ्या शिशाच्या नाण्याला भंगारवाला देईल तो भाव, वर वीस टक्के. या हिशेबाने कोण प्रामाणिक राहील?

२०/
ब्रिटनमध्ये १९९६ च्या ट्रेझर कायद्याने बाजारभावाइतके बक्षीस देण्याची व्यवस्था केली आणि १९९७ पासून कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या किरकोळ वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू झाली. आज त्या नोंदसंग्रहात दहा लाखांहून अधिक वस्तू आहेत. चोर तिथेही आहेत. पण ज्याला नोंद करायची आहे त्याला कुठे जायचे हे ठाऊक असते. चौलच्या पुळणीवर नाणे सापडलेल्या मुलाला ते ठाऊक नसते, आणि पोलिसांच्या धाकाने तो ते मित्राला देऊन टाकतो किंवा विकतो.

२१/
तरीही एक गोष्ट सुटता कामा नये. १८७८ च्या त्या जुनाट कायद्यानेही शोधणाऱ्याकडून तीन गोष्टी मागितल्या आहेत : काय आणि किती सापडले, कधी सापडले, आणि कुठे सापडले. दीडशे वर्षांपूर्वीच्या महसुली बुद्धीला जे सुचले, ते आजच्या "इतिहासप्रेमी" शोधकाला अनावश्यक वाटते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या केंद्रीय कायद्यान्वये पुरावस्तू ठरते, ते देशाबाहेर नेता येत नाही. आणि संरक्षित जलदुर्गांच्या आवारात विनापरवाना खणणे हा गुन्हाच आहे, तिथे यंत्र घेऊन जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

२२/
राहिली मोकळी पुळण, आणि फिरता फिरता पायाशी आलेले नाणे. उचलण्यापूर्वी छायाचित्र, शेजारी मापाला एखादी ओळखीची वस्तू. तारीख. भरतीच्या रेषेपासूनचे अंतर. त्या परिसरात सोबत काय होते : खापरे, खिळे, शिसे, की काहीच नाही. चिंच, लिंबू, राख लावून चकाकी आणायची नाही. गंज गेला की बहुतेक वेळा अक्षरेही जातात. मग जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी सूचना आणि तिची पोचपावती.
आणि व्यत्यय नको म्हणून मोबाइल बंद होता, त्यामुळे जागा नोंदवता आली नाही, ही सबब चालायची नाही. बहुतेक फोनांत एअरप्लेन मोडवरही जीपीएस चालू राहतो.